पाच हजार अँपिअरची चकती

वीज म्हटली की आपल्याकडे लोक व्होल्टला घाबरतात. डीपीच्या दारावर कवटी आणि हाडं रंगवलेली असतात, खाली ११००० व्होल्ट असा आकडा असतो. अँपिअरचा आकडा कुणी रंगवत नाही. प्लेटिंगच्या धंद्यात मात्र सगळा कारभार अँपिअरचा. टाकीला लागतात सहा ते बारा व्होल्ट, म्हणजे जीपच्या बॅटरीएवढे. कोरडा हात दोन्ही बसबारवर ठेवला तरी काही जाणवत नाही. पण त्याच दोन बसबारवर चुकून पाना आडवा पडला, तर तो उचलायला पाना म्हणून काही शिल्लक राहत नाही.

अब्बांचा मिरजेत निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना होता. सायकलचे हँडल, पितळी नळ, दवाखान्यातले ट्रे असलं काम यायचं. १९७० च्या दशकात आमच्याकडे रेक्टिफायर नव्हता, डायनमो होता. अब्बा त्याला 'डायनामा' म्हणायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा मान द्यायचे. सहा व्होल्ट, एक हजार अँपिअर. त्याला दोन्ही टोकांना एकेक कम्युटेटर होता, कारण एवढा करंट एका कम्युटेटरला झेपत नसे. ब्रश साध्या कार्बनचे नव्हते, तांब्याची पूड मिसळलेले, लालसर रंगाचे. लहानपणी मला वाटायचं की ते महाग म्हणून चांगले. ITI त शिकायला गेलो तेव्हा कारण कळलं. साधा कार्बन ब्रश आणि फिरतं तांबं यांच्या सांध्यावर जवळजवळ एक व्होल्ट पडतो. येणारा एक ब्रश, जाणारा एक, मिळून दोन व्होल्ट. २३० व्होल्टच्या मशीनला दोन व्होल्ट म्हणजे काहीच नाही. सहा व्होल्टच्या मशीनला ते तिसरा हिस्सा.

या एका हिशेबात पुढचं सगळं आलं. खूप मोठा डीसी करंट तयार करणं अवघड नाही, तो फिरत्या भागातून उभ्या भागात आणणं अवघड आहे. गेली जवळजवळ दोनशे वर्षं माणसं याच सांध्याशी झगडत आहेत.

हे आज लिहायचं कारण माझा भाचा. तो शिरोली एमआयडीसीत हार्ड क्रोमचं काम करतो. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड असतात ना, चकचकीत, त्यांच्यावरचा थर. आतापर्यंत दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबवर होता, यंदा स्वतःची टाकी टाकायची होती. त्याला हवे होते १२ व्होल्ट आणि ५००० अँपिअर, म्हणजे ६० किलोवॉट. एका माणसाने त्याला कोटेशन दिलं होतं. रेक्टिफायर नको, 'होमोपोलर जनरेटर' घ्या. २० एचपीच्या मोटरवर चालेल आणि ६० किलोवॉट देईल. लाइट बिल चौथ्या हिश्श्यावर येईल. किंमत नऊ लाख, त्यातले दोन लाख आधी.

दोन लाख भाच्याचे नव्हते. माझ्या बहिणीचे होते, दुलाभाईंच्या विम्याचे राहिलेले. तिने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "भाईजान, हे मशीन असतं का खरंच?"

असतं. म्हणूनच उत्तर सोपं नव्हतं. साफ खोटी वस्तू असती तर दोन मिनिटांत विषय संपला असता.

हे मशीन साधं नसतं तर टिकलंच नसतं. २८ ऑक्टोबर १८३१ रोजी मायकल फॅरडेने एका प्रचंड नालाकृती चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सुमारे फूटभर व्यासाची तांब्याची चकती फिरवली. एक तार चकतीच्या आसाला लावली, दुसरी कडेला टेकवली, आणि गॅल्व्हानोमीटरची सुई हलून एका बाजूला राहिली. नुसती डोलली नाही, राहिली. जगातला पहिला जनरेटर तो हाच. फॅरडेने चकतीच्या कडेला पाऱ्याचा मुलामा दिला होता, टेकवलेल्या पट्टीशी सांधा नीट जुळावा म्हणून. म्हणजे पहिल्या दिवसापासून सांध्याची चिंता होतीच.

आपल्या नेहमीच्या डायनमोत गुंडाळीत तयार होते ती एसीच. कम्युटेटर तिची दिशा प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उलटवून डीसी करतो. फॅरडेच्या चकतीत उलटवायला काही नाही. चुंबकाचं क्षेत्र चकतीच्या आरपार एकाच दिशेने जातं, त्यामुळे करंट मधून कडेकडे एकाच दिशेने वाहतो. म्हणून तिला होमोपोलर म्हणतात, काही जुन्या पुस्तकांत युनिपोलर. गुंडाळी नाही, इन्सुलेशन नाही, कम्युटेटर नाही. धातूचा एकच भरीव तुकडा. त्याचा रोध इतका कमी की हजारो अँपिअर वाहिले तरी चकती फारशी तापत नाही. ज्याला अफाट करंट हवा त्याला या मशीनचा मोह पडणं साहजिक आहे.

पण व्होल्ट किती? भाच्याच्या कोटेशनमध्ये चकती ६० सेंटिमीटर व्यासाची होती आणि वेग मिनिटाला ३००० फेरे. चुंबकाचं क्षेत्र एक टेस्ला धरू, लोखंडी गाभा घेऊन ते सहज जमतं. हिशेब येतो सुमारे १४ व्होल्ट. एवढं धूड एवढ्या वेगाने फिरवायचं आणि मिळणार १४. गुंडाळी असती तर वेढे वाढवून व्होल्ट वाढवले असते. चकती म्हणजे एकच वेढा, तोही अर्धा. वाढवायचे तर चकती मोठी करा किंवा वेग वाढवा. दोन्हीत कडेचा वेग वाढतो, आणि कडेवर तर ब्रश बसलेले असतात. आपल्या चकतीची कड सेकंदाला ९४ मीटर पळते, म्हणजे ताशी सुमारे ३४० किलोमीटर. त्या कडेवर घासत करंट काढायचा आहे.

आता मोह थोडा मोठा करू आणि या चकतीकडून एक लाख अँपिअर मागू. तांबं-ग्रॅफाइटच्या ब्रशमधून सतत चालण्यासाठी चौरस सेंटिमीटरला साधारण २० अँपिअर घेता येतात. म्हणजे ५००० चौरस सेंटिमीटर ब्रश लागले. चकतीचा परीघ १८८ सेंटिमीटर. एक इंचही मोकळा न सोडता सगळ्या परिघावर ब्रश बसवले तरी कड २७ सेंटिमीटर रुंद हवी. चकतीचा ढोल झाला! आणि हे फक्त बाहेरच्या टोकाचं. तेवढाच करंट आत आसाशीही घ्यायचा आहे. आसाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर परीघ ३१, म्हणजे आसाचा दीड मीटरहून लांब तुकडा नुसता ब्रशनी झाकायचा. बरं, ब्रश टेकून चालत नाही, दाबावे लागतात. चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम दाब धरला तर सगळ्या कडेवर मिळून एक टन भार होतो. एक टनाचा ब्रेक, ताशी ३४० किलोमीटरने पळणाऱ्या कडेवर. नुसत्या घर्षणात १८० किलोवॉटच्या वर जातात. उष्णता, धूळ आणि झीज वेगळी. ही धूळही साधी नाही, तांब्याची आहे. इन्सुलेशनवर बसली की तिथून करंट आपली वाट शोधतो. अब्बा रोज संध्याकाळी हातभात्याने डायनमो फुंकायचे ते याच भीतीने.

दाब कमी केला तर? ब्रश उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि रिंगेवर खड्डे पडतात. दाब वाढवला तर घर्षण. मधली जागा फार अरुंद आहे.

असं मशीन कुणी खरंच कारखान्यात बसवलं होतं का? बसवलं होतं. वेस्टिंगहाऊसचे इंजिनिअर बेंजामिन लॅम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका सिमेंट कारखान्यासाठी २००० किलोवॉटचं युनिपोलर मशीन केलं. २६० व्होल्ट, ७७०० अँपिअर, मिनिटाला १२०० फेरे. २६० व्होल्ट मिळवायला त्यांनी बरेच कंडक्टर एकापुढे एक जोडले, आणि मग प्रत्येकाला आपापल्या रिंगा आणि आपापले ब्रश. म्हणजे व्होल्ट वाढवले की सांधे वाढले. १९१२ मध्ये त्यांनी या मशीनवर निबंध वाचला, आणि त्यात यशाइतकीच जागा कटकटींना दिली. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे मशीन कसं चाललं ते सगळे सांगतात, काय काय बिघडलं ते कुणी लिहून ठेवत नाही. त्या कटकटींपैकी बहुतेक ब्रश आणि रिंगांच्या होत्या. मशीन अखेर नीट चाललं, पण त्याची जात काही वाढली नाही.

ब्रश नको असेल तर द्रवरूप धातू वापरता येतो. चकतीची कड धातूच्या द्रवात बुडवायची किंवा द्रवाचे फवारे मारायचे. घर्षण कमी आणि सांधा जवळजवळ आदर्श. पण द्रव धातू आहेत तरी कुठले? पारा आहे, त्याची वाफ माणसाला खाते. गॅलियम ३० अंशांच्या आसपास वितळतं, पण अॅल्युमिनियमला पोखरतं आणि खिशालाही. सोडियम आणि पोटॅशियमचं मिश्रण खोलीच्या तापमानाला द्रव असतं, विजेला उत्तम, वजनाला हलकं. फक्त हवेत पेटतं आणि पाण्याला लागलं की भडकतं.

तरीही ते वापरायचं धाडस एका माणसाने केलं. सर मार्क ऑलिफंट. हा माणूस केंब्रिजला रदरफोर्डच्या हाताखाली घडला. पुढे बर्मिंगहॅमला त्याच्याच विभागात रडारचा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन जन्मला. युद्धानंतर तो ऑस्ट्रेलियाला परतला आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत त्याने प्रोटॉन वेगवान करणारं प्रचंड यंत्र उभारायचं ठरवलं. त्याच्या चुंबकासाठी काही क्षण पुरेल असा अफाट करंट हवा होता. ऑलिफंटने होमोपोलर जनरेटर निवडला. लोखंडाच्या अवाढव्य चकत्या हळूहळू वेगात आणायच्या आणि मग त्यांचा सगळा जोर एका दमात विजेत उतरवायचा. सुरुवातीला सांध्यासाठी सोडियम-पोटॅशियमचे फवारे होते. त्यांच्याशी निभाव लागणं कठीण झालं आणि शेवटी तांबं-ग्रॅफाइटचे घन ब्रशच आले. म्हणजे अब्बांच्या डायनाम्यातले ते लालसर ब्रश, त्यांचेच मोठे नातलग.

ते यंत्र १९६२ पासून चालू झालं. २० लाख अँपिअरपर्यंत करंट देऊ शकत होतं. ज्या प्रोटॉन यंत्रासाठी ते बांधलं ते मात्र कधीच पुरं झालं नाही. गावातले लोक आडनावावर कोटी करून त्याला 'व्हाइट ऑलिफंट' म्हणायचे, पांढरा हत्ती. पण हत्ती अगदीच बसून राहिला नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या करंटवर रेलगनचे प्रयोग झाले. दोन रुळांमधून तीन ग्रॅमचा प्लास्टिकचा तुकडा सेकंदाला सुमारे ५.९ किलोमीटर वेगाने सोडला गेला. १९८६ मध्ये यंत्र मोडीत निघालं.

भाच्याला हे सांगताना मी एक आकडा मुद्दाम मागे ठेवला होता. कॅनबेराच्या यंत्रात साठणारी ऊर्जा ५०० मेगाज्यूल होती. किती मोठं वाटतं! त्याला म्हटलं, युनिटमध्ये कर. त्याने मोबाइलवर भागाकार केला आणि पुन्हा केला. १३९ युनिट. त्याच्या घराचं महिन्याचं लाइट बिल याच्या आसपास येतं.

त्या यंत्राची थोरवी ऊर्जेच्या साठ्यात नव्हतीच. साधारण एका घराची महिन्याची वीज ते डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत ओतून टाकत असे. अशा क्षणिक कामात ब्रशकडून नेहमीच्या कितीतरी पट करंट घेता येतो, कारण तापायला त्याला वेळच मिळत नाही, आणि नंतर थंड व्हायला सवड असते. होमोपोलरची खरी जागा ही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात अशाच झटक्याने पोलादी पाइप जोडायचे प्रयोग झाले. एक झटका, आणि सगळा सांधा एकदम तापून जुळला. हार्ड क्रोमची टाकी मात्र झटक्यावर चालत नाही. रॉडवर पुरेसा थर चढायला ती तासन् तास चालते.

करंट मशीनमधून बाहेर आला म्हणून सुटका होत नाही. एक लाख अँपिअर वाहून न्यायला साधारण २० बाय २५ सेंटिमीटरची तांब्याची भरीव तुळई लागते. घराचा पिलर असतो तेवढी. तिच्यातही मीटरमागे तीन-साडेतीन किलोवॉट उष्णता होते. आणि जाणारी आणि येणारी तुळई अगदी शेजारी ठेवली, तर त्या एकमेकींना मीटरमागे जवळजवळ एक टन जोराने दूर ढकलतात. करंट दुप्पट केला की जोर चौपट. मशीनच्या आतही हाच खेळ चालतो. करंट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, ते मूळ क्षेत्राला वाकवतं, म्हणून परतीचा मार्ग असा आखावा लागतो की दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतील. रुंद सपाट बसबार जवळजवळ का ठेवतात याचं एक कारण हेच.

अॅल्युमिनियमवाल्यांनी या सगळ्यावर जो तोडगा काढला त्याला दाद द्यावी लागेल. अॅल्युमिनियम वितळवणाऱ्या एका भट्टीला लागतात चार-साडेचार व्होल्ट, पण भारतातल्या नव्या कारखान्यांत करंट तीन लाख अँपिअरच्या वर असतो. चार व्होल्टला तीन लाख अँपिअर देणारं मशीन शोधायच्या फंदात ते पडलेच नाहीत. त्यांनी शेकडो भट्ट्या एकामागे एक ओळीने जोडल्या. करंट तोच, व्होल्ट मात्र हजाराच्या पुढे. मग सिलिकॉन डायोडवर पडणारा एखादा व्होल्ट हिशेबातही येत नाही. फिरता सांधाच नाही. १९६० नंतर अशा कामांतून फिरती यंत्रं निघून गेली, आणि आमचा डायनामाही त्याच लाटेत भंगारात गेला. अब्बांनी त्याचे ब्रश तेवढे काढून ठेवले होते.

भाच्याने हे सगळं ऐकलं आणि बरोबर मुद्द्याचं विचारलं. "मामू, तुम्ही लाखाचं बोलताय. मला पाचच हजार हवेत."

खरं होतं. पाच हजाराला ब्रश लागतात २५० चौरस सेंटिमीटर. सव्वा-दीड सेंटिमीटर रुंद कड पुरते, आसावर आठ सेंटिमीटर. म्हणजे मशीन बनू शकतं. मी वहीत त्याच्यासमोर मांडलं. कडेच्या ब्रशचं घर्षण नऊ किलोवॉट, आसाच्या ब्रशचं दीड. दोन्ही सांध्यांवर मिळून अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणजे तीन किलोवॉट. चुंबकाची गुंडाळी, बेअरिंग, हवा यांचे दोन-तीन धरा. टाकीला ६० द्यायचे तर आसाला सुमारे ७६ द्यावे लागतात आणि मोटर ८० च्या वर ओढणार. साधा रेक्टिफायर तेच काम ७० किलोवॉटच्या आत करतो. आठ तासांच्या पाळीला शंभरेक युनिटचा फरक, आणि तो उलट्या बाजूचा. उत्तम हाताने बनवलेल्या होमोपोलरचा हा हिशेब. २० एचपीच्या मोटरवर, म्हणजे १५ किलोवॉटवर, ६० मिळायचा प्रश्नच नव्हता.

"पण ते म्हणतात, यात उलटा जोर लागत नाही. करंट घेतला तरी चकती जड होत नाही."

हा समज बराच जुना आहे. चुंबक चकतीला चिकटवून दोन्ही एकत्र फिरवले तरी व्होल्ट येतात, हे फॅरडेनेच पाहिलं होतं. मग काहींना वाटतं की चुंबक आणि चकती सोबतच फिरतात तर अडवणार कोण? अमेरिकेत ब्रूस डीपाल्मा यांनी याच रचनेला 'एन-मशीन' म्हटलं आणि घातल्यापेक्षा जास्त वीज मिळते असा दावा केला. अडवणारा असतो, तो बाहेरच्या, न फिरणाऱ्या तारेत असतो. करंटला परत यावं लागतं, आणि ती परतीची वाट जागेवर उभी असते.

आम्ही अंगणात एक छोटी चकती केली. तांब्याची, २० सेंटिमीटरची, दोन्ही बाजूंना मांडववाल्याच्या जुन्या भोंग्यांचे गोल चुंबक. अर्ध्या एचपीच्या मोटरवर मिळाले ७० मिलिव्होल्ट. साधा कार्बन ब्रश लावला तर अँपिअर नावालाच. तांब्याच्या वेणीने तीसच्या आसपास गेले. इथे उलटा जोर जाणवणं शक्यच नव्हतं. काढत होतो दोन वॉट, आणि वेणीचं घर्षणच त्याच्या किती तरी पट. म्हणूनच अशा मशीनवर कुणाचीही सहज फसगत होते. जे मोजायचं ते घर्षणाच्या गोंगाटात बुडून जातं. मग पट्टा काढला आणि जुन्या जीपच्या बॅटरीतून त्याच चकतीत क्षणभर करंट सोडला. चकती अडखळत स्वतःच फिरू लागली. भाचा बघत राहिला. ज्या चकतीत करंट सोडला की ती ढकलली जाते, तिच्यातून करंट काढताना ती ढकलली जाणार नाही, असं कसं होईल? हे त्याने स्वतःच म्हटलं, मला बोलावं लागलं नाही.

राहिला त्या माणसाचा व्हिडिओ. त्यात काही लपवलेलं नव्हतं. आधी उघड्या टोकांवर १३.८ व्होल्ट दाखवले. मग तांब्याची पट्टी टाकून टोकं जोडली, मीटर १८ हजार अँपिअरला जाऊन आलं. दोन्हींचा गुणाकार २४८ किलोवॉट! त्या वेळी मोटरचं मीटर १२ च्या पुढे गेलेलं नाही. पण जेव्हा व्होल्ट १३.८ होते तेव्हा अँपिअर शून्य होते, आणि जेव्हा अँपिअर १८ हजार होते तेव्हा टोकांवर व्होल्ट जवळजवळ उरले नव्हते. शिवाय ती चकती ३३० किलोची. ३००० फेऱ्यांवर तिच्यात सात लाखांवर ज्यूल साठलेले असतात. मोटर बंद केली तरी काही सेकंद ती मोठा करंट देत राहील. कॅनबेराचंच यंत्र, लहान अंगाचं.

मी भाच्याला म्हटलं, भांडू नकोस, फक्त पाण्याची परीक्षा माग. २०० लिटरचं पिंप, आत २५ बाय ५ ची दोन मीटर एमएस पट्टी वाकवून टाकायची. बारा व्होल्टला ती बरोबर पाच हजार अँपिअर ओढते. खरे ६० किलोवॉट मिळाले तर चार मिनिटांत पाणी १७ अंशांनी तापलं पाहिजे. क्लॅम्प मीटर नको, गुणाकार नको, थर्मामीटर पुरे.

मला वाटलं तो माणूस टाळेल. त्याने टाळलं नाही. रविवारी आम्ही त्याच्या शेडवर गेलो. चकतीचं काम पाहून मी मनातल्या मनात सलाम केला. लेथवरचा हात सुंदर होता, ३००० फेऱ्यांवर पाया थरथरत नव्हता. पट्टी जोडली तसा मशीनचा सूर खाली उतरला. तिसऱ्या मिनिटाला कडेचे ब्रश धुरकटले, चौथ्याला त्यानेच बंद केलं. पाणी तीन अंशांनी तापलं होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याचे स्वतःचे सहा लाख त्या चकतीत गेले होते, असं त्याने नंतर चहा पिताना सांगितलं. तो भामटा नव्हता. त्याने व्हिडिओवर विश्वास ठेवला होता, आणि मग स्वतःच तसा व्हिडिओ केला होता. भाच्याने दोन लाखांचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. पुढच्या महिन्यात भाच्याने जुना रेक्टिफायर घेतला, ४००० अँपिअरचा, थोडं कमी काम घेऊ म्हणाला.

निघताना त्या माणसाने जळका ब्रश काढून माझ्या हातावर ठेवला. अजून गरम होता. "चाचा, याच्यात तांबं किती टक्के टाकायला पाहिजे होतं?" मी त्याला सांगितलं की ब्रश काळा आहे, यात तांबं नाहीच. साधा कार्बन आहे, आणि त्याचे बारा व्होल्टांतले दोन इथेच जात होते. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं शेडच्या उंबऱ्यावर बसून ब्रशच्या ग्रेडवर बोलत होतो.